सूर्यास्ताचे चित्र : सांगलीच्या पुलाच्या निमित्ताने

प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात ‘सूर्यास्ताचे चित्र काढा’ असे सांगितले, की दहा मिनिटांच्या आत निम्म्याहून अधिक मुले एकच चित्र काढून दाखवितात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खोबणीत अर्धा सूर्य, पट्टीने आखल्यासारखे त्याचे किरण, डोंगरातून वाहत येणारी निळी नदी, काठावर एक झोपडी व एक नारळाचे झाड, आणि आकाशात काकपदाच्या खुणेसारखे चार पक्षी. माण-खटावच्या कोरड्या माळावरचे मूल हेच चित्र काढते व कृष्णाकाठच्या ऊसमळ्यातले मूलही हेच काढते. सूर्योदयाचे चित्र काढावयास सांगितले तरी हेच येते, ही त्यातली आणखी एक गंमत.

हे चित्र मुलांना कोठून मिळाले याचा शोध घेऊ लागल्यास तो फार दूर जात नाही. बहुधा ते आपणच फळ्यावर काढून दिलेले असते. आपल्या गुरुजींनी ते आपल्याला दिले, त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिले. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, चित्रकलेचा तास शेवटी असतो, आणि तयार देखावा सर्वांनाच सोयीचा पडतो. परंतु या सोयीची किंमत काय असते, हे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीवरून कळले. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाची सहल सांगलीस नेली होती. गणपतीचे दर्शन, दुपारी शिदोरी, सायंकाळी घाटावरून आयर्विन पूल पाहून परत, असा नेहमीचाच बेत होता. दुसऱ्या दिवशी ‘सहलीत पाहिलेले दृश्य’ हा विषय चित्रासाठी दिला. एका मुलीने पूल काढला. पुलाचे दगड तिने जांभळे रंगविले होते. नदी पिवळी, जवळजवळ आकाशाइतकीच उजळ होती. मात्र कागदाच्या खालच्या कडेला तीच नदी काळपट झाली होती. प्रत्येक कमानीच्या पोटात एक पिवळसर फराटा होता. मी तांबड्या शाईने शेरा लिहिला : ‘दगड काळा असतो. पाणी निळे असते. कमानीत रंग सांडला आहे, स्वच्छता ठेवावी.’ मुलीने काहीच विचारले नाही. पुढील आठवड्यात तिने जे चित्र आणले, त्यात दोन त्रिकोणी डोंगर होते, मधे अर्धा सूर्य होता आणि नदी निळीशार होती. त्या चित्राला मी ‘छान’ असा शेरा दिला, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे कामानिमित्त सांगलीस मुक्काम पडला असता एका सायंकाळी एकटाच घाटावर जाऊन बसलो. हाताशी काम नव्हते, म्हणून समोर पाहत राहिलो. तासाभरात त्या मुलीच्या चित्रातील एकेक गोष्ट समोर उभी राहिली. जे मी चूक म्हणून खोडले होते, ते तिने पाहिलेले होते. आणि जे मी बरोबर म्हणून सांगितले होते, ते मी कधी पाहिलेलेच नव्हते.

सांगली शहर कृष्णेच्या पूर्व तीरावर आहे व समोर पश्चिम तीरावर सांगलीवाडी. या दोहोंना जोडणारा दगडी कमानींचा पूल सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत उभा राहिला व १९२९ साली तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. नावही त्यांचेच मिळाले. नदीकाठच्या मुलांना मात्र हा पूल निराळ्याच नात्याने ठाऊक असतो. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढले, याकडे साऱ्या परिसराचे कान लागलेले असतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५० फुटांच्या पुढे. ज्या मुलाच्या घरातले धान्य आणि दप्तर त्या आकड्यांवर लक्ष ठेवून माळ्यावर चढविले जाते, त्याच्या दृष्टीने हा पूल केवळ प्रेक्षणीय वास्तू नाही. चित्राला विषय निवडावयाचा तर असाच निवडावा. कमानी किती आहेत, हे मी येथे मुद्दामच लिहीत नाही. ते मुलांनी घाटावर उभे राहून मोजावे.

घाटावर आपले तोंड पश्चिमेकडे असते व सूर्य पैलतीरावरील झाडीमागे जातो. म्हणजे पूल आणि पलीकडचा काठ हे आपल्या व प्रकाशाच्या मधे येतात. डोंगराची खोबण येथे शोधूनही सापडत नाही. सारे चित्र प्रकाशाविरुद्ध पाहिलेले असते आणि त्यातील प्रत्येक रंगाचे कारण या एका स्थितीत दडलेले आहे.

प्रथम आकाश. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात. हवेतून जाताना निळा प्रकाश तांबड्याच्या मानाने सुमारे सहापट अधिक विखुरतो; दिवसा आकाश निळे दिसते ते या विखुरलेल्या प्रकाशामुळे. सूर्य क्षितिजाशी आला म्हणजे त्याचे किरण डोक्यावरून येणाऱ्या किरणांच्या मानाने ३८ पटींच्या आसपास अधिक हवा कापून आपल्यापर्यंत पोहोचतात. एवढ्या वाटचालीत निळा प्रकाश वाटेतच गळून जातो व नारिंगी-तांबडा तेवढा उरतो. मुलांना हे समजावयास काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे थोडे थेंब टाकावेत व अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरी लावावी. बाजूने पाहिले असता पाणी निळसर दिसते आणि विजेरीच्या समोरून पाहिले असता दिवा पिवळसर-नारिंगी दिसतो. पेल्याऐवजी लांब बरणी घेतल्यास फरक अधिक स्पष्ट होतो.

आता पुलाचा जांभळा दगड. सूर्य पुलाच्या पाठीमागे आहे. त्यामुळे पुलाची आपल्याकडील बाजू सूर्याने उजळलेली नसते. तिच्यावर जो काही प्रकाश पडतो, तो आपल्या पाठीमागच्या पूर्वेकडील आकाशातून येतो आणि ते आकाश त्या वेळी निळसर असते. काळसर दगडावर निळसर प्रकाश, आणि त्याभोवती नारिंगी आकाश, असा हा योग आहे. यात डोळ्याचाही भाग असतो. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोबलँ येथील सरकारी विणकामशाळेच्या रंगखात्याचे प्रमुख होते. तेथील काळ्या लोकरीला पुरेसा काळेपणा येत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती त्यांना आढळले, की दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे; कोणताही रंग आपल्या शेजाऱ्याला विरुद्ध रंगाकडे ढकलतो. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८३९ साली निघाला. नारिंगीच्या शेजारी राखी रंग निळसर दिसतो, हा त्यातलाच प्रकार. राखी कागदाचे दोन सारखे तुकडे कापून एक नारिंगी कागदावर व दुसरा निळ्या कागदावर ठेवला, की तिसरीचे मूलसुद्धा ‘गुरुजी, हे दोन निराळे आहेत’ असे म्हणते. मग ते दोन्ही तुकडे त्याच्या हाती द्यावेत.

हल्ली पुष्कळ पालक व शिक्षक मोबाइलवर सूर्यास्ताचे छायाचित्र घेतात व मुलांना ते पाहून चित्र काढावयास देतात. हे टाळावे. अशा छायाचित्रात आकाश नीट आले, की पूल निव्वळ काळा ठिपका होऊन बसतो. आपला डोळा त्या काळ्यातही दगडाचे थर, कठड्याची रेघ आणि कमानीची जाडी पाहू शकतो.

कमानीच्या पोटातील फराट्याचा मात्र मला अखेरपर्यंत उलगडा होईना. घाटाच्या खालच्या पायरीवर उतरलो तेव्हा तो झाला. पलीकडून येणारा तिरपा प्रकाश पाण्यावर आदळून वर परततो आणि कमानीच्या आतल्या छतावर पडतो. त्यामुळे पुलाची समोरची बाजू अंधारी असतानाही कमानीचे पोट मंद उजळलेले असते. पाणी हलले की ती झळाळीही हलते. मी तीस वर्षे या पुलावरून जाये करीत होतो आणि ती झळाळी मला एका नऊ वर्षांच्या मुलीने दाखविली. तीही मी तिला तसे करू नकोस म्हणून सांगितल्यावर.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. पाण्याला त्या वेळी स्वतःचा असा रंग फारसा नसतो. ते आकाश दाखविते. परंतु सर्व ठिकाणी सारखे दाखवीत नाही. दूरचे पाणी आपण अगदी तिरप्या नजरेने पाहतो व त्यात क्षितिजालगतचे उजळ आकाश उतरलेले असते. पायाशी असलेले पाणी आपण वरून पाहतो. त्यात वरच्या, मावळत्या निळ्या आकाशाचे मंद प्रतिबिंब पडते व खालच्या गढूळ पाण्याचा रंगही त्यात मिसळतो. म्हणून तीच नदी दूर पिवळी व जवळ काळपट-हिरवी दिसते. सूर्याचे प्रतिबिंबही गोल पडत नाही. प्रत्येक लहान लाट त्याचा एकेक तुकडा आपल्याकडे फेकते आणि त्याची लांब, तुटक वाट आपल्या पायापर्यंत येते. घाटावरच्या प्रत्येक मुलाला ती वाट आपल्याच पायाशी आली आहे असे वाटते. ‘ती तुझ्याकडे आली की माझ्याकडे?’ हा वाद मुलांत लावून द्यावा. त्यातून प्रतिबिंबाचा पाठ आपोआप होतो. पुलाचे प्रतिबिंब रंगविताना मुले सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत करतात. सावली प्रकाशाच्या उलट दिशेस पडते. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खालीच असते. शिवाय प्रतिबिंबात कमानीचे पोट प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते, कारण ते जणू पाण्याखालून वर पाहिल्यासारखे असते. एवढे बारीक सर्वच मुलांना दिसेल असे नाही, पण ज्याला दिसेल त्याला कोणी खोडू नये.

या चित्रातली खरी अडचण वेळेची आहे. क्षितिजाला टेकलेले सूर्यबिंब आपल्या अक्षांशावर साधारण सव्वादोन मिनिटांत बुडते. त्यानंतर २२ ते २४ मिनिटे संधिप्रकाश कामापुरता राहतो, आणि तेवढ्यात आकाश चार वेळा रंग बदलते. आरंभी पिवळे धरून काढलेले चित्र शेवटी जांभळे होते व मुलाचा हात गोंधळतो. या अडचणीवर थोर चित्रकारांनाही उपाय शोधावा लागला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १९०० च्या सुमारास लंडनमध्ये थेम्स नदीकाठी पार्लमेंटची इमारत रंगवीत होते. ते नदीच्या पूर्व तीरावरील रुग्णालयातून समोर पाहत, आणि सूर्य पश्चिम तीरावरील इमारतीमागे मावळे. म्हणजे मांडणी आपल्या सांगलीच्या घाटासारखीच. प्रकाश बदलला की ते हातातला पट बाजूला ठेवीत व त्या प्रकाशाचा दुसरा पट घेत. अनेक पट त्यांनी घरी परतल्यावर आठवणीने व तुलनेने पुरे केले आणि १९०४ साली पॅरिसमध्ये ती मालिका मांडली. एकाच इमारतीची इतकी चित्रे, आणि त्यातली कोणतीही दोन एका रंगाची नाहीत. अगदी शेजारचे उदाहरण हवे असल्यास कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे आहे. दरबारचे चित्रकार असूनही त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा हाच आपला परिसर पुनःपुन्हा रंगविला.

आपल्या मुलांजवळ अनेक पट नसतात, परंतु एका कागदाच्या घड्या घालून चार चौकोन करता येतात. पहिल्या चौकोनात सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास, दुसऱ्यात बिंब टेकलेले, तिसऱ्यात बिंब बुडाल्यानंतर, चौथ्यात पुलावर दिवे लागल्यावर. प्रत्येक चौकोनात पुलाची रेघ आधीच, उजेड असतानाच, पेन्सिलीने काढून ठेवावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो व जूनअखेरीस सातनंतर. त्या हिशेबाने पाऊण तास आधी घाटावर असावे. मावळण्याची जागाही वर्षभर सरकत असते. खऱ्या पश्चिमेपासून उन्हाळ्यात ती उत्तरेकडे व हिवाळ्यात दक्षिणेकडे सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत जाते. आपल्या गावातूनच, एखाद्या ठरलेल्या दगडावर उभे राहून, दर महिन्याला मावळतीची जागा वहीत नोंदविली तर भूगोलाचा एक अवघड पाठ मुलांच्या हाती आयता लागतो.

रंग नाहीत ही सबब नेहमी ऐकू येते व ती पुष्कळदा खरीही असते. पण हे चित्र पाटीवर फार उत्तम साधते. पाटी मुळातच काळी. म्हणून पूल काढावयाचाच नाही. खडूने आकाश व पाणी तेवढे भरावे, पूल आपोआप उरतो. मुलाला वस्तू सोडून तिच्याभोवतीचा प्रकाश पाहावयास लावणारा याहून सोपा पाठ माझ्या पाहण्यात नाही. पाट्या नसतील तर फळा आहेच. कागदावर रंग हवा असल्यास हळद पाण्यात कालवून आकाशावर पातळ हात फिरवावा. ती ओली असतानाच क्षितिजाच्या बाजूने चुन्याच्या निवळीचा ब्रश लावला, की पिवळ्याचा तांबडा होतो. कुंकू करण्याची जुनी रीत हीच आहे. पुलासाठी कोळशाच्या पुडीत थोडी कपड्याची नीळ आणि चिमूटभर गेरू मिसळावा. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो, तेव्हा ही चित्रे खिडकीसमोर लावू नयेत. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी शिक्षकाने स्वतः घ्यावी. निवळी मुलांकडून करवून घेऊ नये.

सातारा जिल्ह्यातील शिक्षकांना सांगलीपर्यंत येण्याचे कारण नाही. कऱ्हाडला कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात, साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे, आणि वाईचा घाट तर चित्रकारांचा जुना सोबती. तेथील ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे; ही भिंत न पाहता नुसते शिखर काढून येणे म्हणजे अर्धे देऊळ घाटावरच सोडून येणे होय. वाईला सूर्य डोंगराआड जातो, तेव्हा तेथे डोंगर काढावाच लागतो. पण तो त्रिकोणी आहे काय? आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला आहे. त्याचे माथे पुष्कळ ठिकाणी सपाट व कडे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. पाचगणीचे पठार पाहिलेल्या मुलानेही त्रिकोणच काढावा, हे आपल्या शिकविण्याचे यश म्हणावे की काय, हे ज्याने त्याने ठरवावे. डोंगराच्या आडोशामुळे वाईस बिंब उंचावर असतानाच दिसेनासे होते आणि सांगलीइतका तांबडेपणा त्याला येत नाही, हाही फरक मुलांच्या ध्यानी आणून द्यावा. सहलीची वाट औंधवरून जात असेल तर तेथील श्रीभवानी चित्रसंग्रहालय अवश्य दाखवावे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते व १९३८ साली त्यांनी ते उभारले.

घाटावर मुले नेताना दोन गोष्टींत हयगय नसावी. बिंब टेकण्यापूर्वी सूर्याकडे टक लावून कोणालाही पाहू देऊ नये. पाहावयाचे ते पाणी व पूल. दुसरे असे, की सांगली परिसरात कृष्णेत मगरी आहेत व पाण्याच्या कडेला आलेल्या दिसल्याचे प्रसंगही वारंवार घडतात. मुलांनी वरच्या पायऱ्यांवरच बसावे, ब्रश धुण्यासाठी नदीत उतरू नये, पाण्याची बाटली बरोबर आणावी, आणि दिवे लागताच एकदा पट मोजून, म्हणजे मुलांची डोकी मोजून, निघावे.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच दृश्य आठवणीने पुन्हा काढावयास द्यावे. घाटावरची चित्रे तोवर आपल्याजवळ ठेवावीत. दोन्ही शेजारी लावल्यावर काय विसरले हे मुले स्वतःच सांगतात. त्या वेळी ‘असे का काढलेस?’ असा प्रश्न न करता ‘हे तुला कोठे दिसले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मूल मान खाली घालते. दुसऱ्याला ते उठून बोट दाखविते.

त्या मुलीची चित्रवही मी पुढे शोधली. तोवर ती पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत गेली होती आणि वही रद्दीत. तेव्हापासून मी चित्रांवर तांबडी शाई वापरीत नाही. शेरा लिहावयाचाच झाला तर पेन्सिलीने लिहितो, आणि तोही पानाच्या पाठीमागे.